शब्दाखालची लाल रेघ

स्टिल कोव्ह, न्यूफाउंडलंड
९ मार्च २०१४

चि. ब्राइडीस,

अ. उ. आ., आणि खिडकीबाहेरच्या समुद्राचेही. तू गेल्यापासून तो सारखी तुझी चौकशी करतो.

इथे खाडीतला बर्फ फुटायला लागलाय. पहाटे त्याचा कण्हण्याचा आवाज येतो आणि क्षणभर वाटतं, घरात दुसरं कुणी जागं आहे.

एक सल्ला हवाय. लोरेटानं हॅलिफॅक्सहून नवा कॉम्प्युटर पाठवलाय. लेकीचं फर्मान असं, की जुना अडगळीत टाका आणि दर रविवारी पडद्यावर तोंड दाखवा. खोकं अजून फोडलेलं नाही. फिलोमिनाच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलंय. जेवताना समोर कुणीतरी बसल्यासारखं दिसतं.

नव्याच्या बाजूनं बोलायचं तर लोरेटा दिसेल, नात दिसेल, बँकेचं पान उघडेल. जुन्यावर ते आता उघडतच नाही. जुना तापतो, धापा टाकतो, चहा होईपर्यंत जागा होत नाही. पण तसा मीही होत नाही.

जुन्याच्या बाजूनं एकच गोष्ट, पण ती मोठी. त्याला आपली भाषा येते. परवा ग्रंथालयातल्या नव्या यंत्रावर कविता टाइप करायला बसलो. (मिस करीन वर्गात उभं करून कविता म्हणून घ्यायच्या, तेव्हापासूनचं हे खूळ, तुला माहीतच आहे.) ‘डकिश’ लिहिलं. सूर्य बुडाल्यावरची, दिवे लागायच्या आधीची आपली ती वेळ. लगेच खाली लाल रेघ! वर मला विचारतं, बदकाचं पिल्लू म्हणायचंय का. पुढे तर पानभर रेघाच रेघा, नापास झालेला पेपर जसा. आमच्या जुन्यानं इतक्या वर्षांत मला एकदाही असं हटकलं नाही. तेव्हाची यंत्रं शिकलेल्या माणसांनी बनवली असावीत.

लोरेटा फोनवर म्हणाली, की बाबा, तुम्हाला माझ्यापेक्षा तो डबा प्यारा आहे. काय करू, सांग.

लोभ तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा दादा,
अँब्रोज


एडमंटन
२१ मार्च २०१४

ती. दादास,

सा. न., आणि जोडीला एक धपाटा.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की ओव्हनमधला पाव करपला. मग करपलेल्या पावासमोर बसून रडले. दादा, तू म्हणजे अगदी भोळा सांब! कुठलंही यंत्र आपली बोली शिकून येत नाही. तुझ्या डब्याला ती फिलोमिना वहिनीनं शिकवली.

तो कॉम्प्युटर घरी आला त्या आठवड्यात लाल रेघ बघून तू किती तडकलास, आठवतं? म्हणालास, या शब्दांपायी शाळेत हातावर पट्ट्या खाल्ल्या, आता यंत्राकडून खायच्या नाहीत. आणि दिवसभर धक्क्यावर जाऊन बसलास. तेव्हापासून तू कागदावर पेन्सिलीनं कविता लिहिलीस, की टाइप करायला बसायच्या आत वहिनी पहाटे उठून तो कागद बघायची आणि त्यातला एकेक शब्द यंत्राला शिकवून ठेवायची. मला शपथ घातली होती. म्हणायची, त्यांना कळलं तर मान जाईल त्यांचा. आपण बोलतो तसं बोलतो हा डबा, असं वाटू दे त्यांना.

एक विचारते, रागावू नकोस. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली आणि तुझ्या जुन्यावर अजून एकही लाल रेघ नाही. म्हणजे तेव्हापासून तू नवा शब्दच लिहिला नाहीस ना रे?

खोकं फोड. अडलेल्या शब्दावर माउसचं उजवं बटण दाब, ‘शब्दकोशात घाला’ असं येईल. पहिला ‘डकिश’ शिकव. लोरेटाला तिच्या आईची उणीव तुझ्याइतकीच आहे. तिला निदान तुझं तोंड तरी दिसू दे.

माझ्यावरचा राग दोन दिवसांहून जास्त धरू नये, ही विनंती.

तुझी,
ब्राइडी


स्टिल कोव्ह
६ एप्रिल २०१४

चि. ब्राइडीस,

अ. उ. आ. हे पत्र नव्यावरून लिहितोय.

तुझं पत्र आल्यावर जुना चालू करायचा धीर होईना. मग एका सकाळी केला, आणि मनात येईल तो शब्द लिहीत सुटलो. माशांचे, वाऱ्यांचे, बर्फाचे, आईच्या शिव्यासुद्धा. एकालाही अडवलं नाही त्यानं. शेवटी सहज ‘फिमी’ लिहिलं, मी फिलोमिनाला मारायचो ती हाक. आणि ब्राइडी, तिच्याखाली लाल रेघ आली! कवितेत तो शब्द मी कधी घातलाच नव्हता, तोंडातच राहिला. सगळं गाव शिकवलं तिनं त्या डब्याला, पण स्वतःचं लाडकं नाव आपणहून शिकवायला लाजली असावी.

त्याच दिवशी खोकं फोडलं. नव्याला पहिला शब्द ‘फिमी’ शिकवला.

रविवारी लोरेटा दिसली. हसताना मान कलती करते, अगदी आईसारखी. फोनवर हे कळत नव्हतं. मी यंत्र असं धरलं होतं, की नातीला आजोबांचं नुसतं कपाळच दिसत होतं. ती म्हणाली, आजोबा म्हणजे चंद्र आहेत. मग त्या दोघी गेल्या, पडदा काळा झाला आणि त्यात एकटा म्हातारा उरला. त्याची सवय व्हायला वेळ लागेल. जुना यंत्रोबा आता फिलोमिनाच्या खुर्चीवर बसतो. बंद आहे, पण बसतो.

बाकीचे शब्द रोज थोडे थोडे शिकवतोय. तुझं एक मात्र ऐकलं नाही. ‘डकिश’ तसाच ठेवलाय. आत्ता बाहेर तीच वेळ आहे. दिवा लावलेला नाही. पाण्याच्या कडेला लांबच लांब लाल रेघ उरलीय, आणि पडद्यावर त्या शब्दाखालीही तशीच. ही पुसून ठेवायला आता माझ्या आधी कुणी उठणार नाही. राहू दे.

लोभ आहे, तो आता पडद्यावरही दाखवत जा. पत्रं मात्र थांबवू नकोस.

तुझा दादा,
अँब्रोज