आफ्रिकेची तूर

वाशी, १२ जानेवारी २०२६

ती. आक्का,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलेनास, म्हणून पत्र. आबांच्या माघारी तू चालवतेस ती लोहाऱ्याची डाळमिल महिनाभर बंद आहे. भाव वाढंल म्हणून लोकांनी तूर घरातच ठेवलीय. मिलवरच्या बायकांना तू काम कुठून देणार? म्हणून मी ज्याच्याकडं खरेदी बघतो त्या शेठला सांगून आफ्रिकेच्या तुरीचा ट्रक तुझ्याकडं धाडतोय. सरकारनं आयातीवरचं शुल्क माफ केलंय, माल स्वस्त पडतो. तू फक्त डाळ करून दे.

मागं तू मला देशबुडव्या म्हणालीस, ते लागलं. इथं डाळ महागली की माथाड्यांच्या खानावळीत आमटी पातळ होते. देश म्हणजे फक्त आपलं शिवार नव्हे, आक्का. रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
कृष्णराज

लोहारा, १९ जानेवारी

चि. कृष्णराज,
अ. उ. आ.

ट्रक आला तेव्हा आण्णामामा माकणी गावचे शेतकरी घेऊन मिलच्या फाटकात बसले होते. म्हणाले, बंदरावरचा कर सरकारनं काढला, निदान भाचीनं तरी दार उघडू नये; ह्या मिलला पहिलं पोतं म्याच घातलं व्हतं. ड्रायव्हर भिऊन खाली उतरंना. तेवढ्यात डाळ निवडणारी लालबी बाकीच्या बायका घेऊन आली. तिनं मामांना तोंडावर विचारलं की तुमची तूर तुमी दाबून ठिवली, भाईरची येऊ देत न्हाय, मग आमी निवडायचं काय, धोंडे? कुणीतरी तिच्या अंगावर धावून गेलं. मी मधी उभी राहिले.

ट्रक मी परत धाडला. पण मामांना सगळ्यांदेखत सांगितलं की तुमची तूर आली न्हाय तर दुसरा ट्रक मी स्वतः बोलवीन. सकाळी मामा पोती घेऊन आले, पडत्या भावानं.

तुझ्या नोकरीवर काही आलं का? खरं कळव. जिवाला जप.

तुझी,
आक्का

वाशी, २ फेब्रुवारी

ती. आक्का,
शि. सा. न. वि. वि.

आलं. शेठनं मला खरेदीवरून काढून गोदामात बसवलं. आठवडाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. लालबीवर धावून गेला तो कोण, हे तू लिहिलं न्हाईस. मी तिथं असतो तर कुणाच्या बाजूला उभा राहिलो असतो, मलाच कळत न्हाय. मामांना नमस्कार सांगू नकोस. बरं, सांग.

तुझा,
कृष्णराज

लोहारा, १ मार्च

चि. कृष्णराज,
अ. उ. आ.

मामांची तूर आठवड्यात संपली. बाकीच्यांनी आणली न्हाय. त्यांना दोष तरी कसा देऊ, ह्या भावात खताचंही निघत न्हाय. दुसरा ट्रक बोलवायला माझी जीभ रेटली न्हाय. मिल बंद झाली आणि लालबी पोरांना घेऊन सोलापूरला गेली. काल तिचा फोन आला. तिथल्या मिलमधी ती आफ्रिकेचीच तूर निवडते.

मी मामांना सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं की तिथं तिची राहायची सोय बरी हाय का.

तू ये, भांडायला तरी ये. माया तुटू देऊ नकोस.

तुझी,
आक्का