बंद नाही, स्टँडबाय

३ जुलै, गुरुवार
मुक्ताच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर. सोळा वर्षांची पोर. माझी किडनी तिला बसवून मार्चमध्ये वर्ष झालं, पेढे वाटले होते. किडनीवाल्या मॅडम म्हणाल्या, बरा होऊ शकतो. ‘शकतो’वर किंचित अडखळल्या. बायकोच्या, सुनंदाच्या, लक्षात आलं नाही.

४ जुलै
मॅडमच्या केबिनबाहेर बसलो होतो. पार्टिशनमागे दोन शिकाऊ डॉक्टर. "डोनर पॉझिटिव्ह, पेशंट निगेटिव्ह. आणखी काय होणार?" डोनर म्हणजे मीच की. आत जाऊन सरळ विचारलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. ईबीव्ही नावाचा विषाणू. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो, जन्मभर गप्प राहतो. माझ्यात होता, तिच्यात नव्हता. किडनीबरोबर गेला.
"तुमची चूक नाही यात."
"चूक नसेल, पण माल आमच्याकडचाच ना?"
हसल्या नाहीत.

७ जुलै, सोमवार
समजल्याशिवाय आपण सही करत नाही. मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. विषाणू पेशीत बसतो, बहुतेक जनुकं बंद ठेवतो, वर रासायनिक सील. शरीराचा पहारा असेपर्यंत तोंड दाखवत नाही. किडनी टिकावी म्हणून तो पहारा गोळ्या देऊन आपणच झोपवला. मग त्याने नेमकी हीच जनुकं उघडली, पेशीला सांगणारी: वाढत राहा, मरू नकोस.
"म्हणजे बंद नव्हता. स्टँडबायला होता." सव्वीस वर्षं अंबडच्या कारखान्यात कंट्रोल पॅनल बनवतोय, एवढं कळतं.
"अगदी तसंच."
"मग व्हायरसचं औषध द्या."
"ते ज्या जनुकामुळे लागू पडतं, ते अजून बंदच आहे."
हुशार आहे साला. धंद्यात भेटला असता तर पार्टनर केला असता.
उपाय एकच: गोळ्या कमी करायच्या. पहारा जागा झाला तर गाठी विरतील. आणि तोच पहारा किडनीवरही जाईल. सही केली.

१२ जुलै
गोळी निम्मी. सुनंदा विचारते, हे झालं कशानं? म्हटलं, इन्फेक्शन. खोटं नाही.
फोरमन बबन, सायखेड्याचा: "शेठ, डबा तसाच हाय. जेवत नाय का तुम्ही?" म्हटलं, उपास आहे. "शनिवार कधीपासून धरला?" डबा त्याच्याकडेच सरकवला.

२१ जुलै, सोमवार
गाठ बोटाला लहान लागते. क्रिएटिनिन १.२ चं १.९, म्हणजे किडनी दमतेय. कशाचा आनंद मानायचा...
येताना गाडीत मुक्ता म्हणाली, "पप्पा, व्हायरस तुमचाच ना? मी वाचलंय." गिअर चुकला. "आईला नका सांगू हं. ती तुमच्याशी बोलणार नाही."

२८ जुलै
गाठ जवळजवळ गेली. क्रिएटिनिन २.६. मॅडम म्हणाल्या, गोळी परत वाढवली तर किडनी कदाचित वाचेल, पण विषाणू पुन्हा उघडेल. उद्या दहापर्यंत सांगा.
मुक्ता म्हणते, "किडनी जाऊ दे. डायलिसिस मला माहितीये." सुनंदा ऐकत नाही. "गोळी वाढवा. तुमची किडनी आहे ती, अशी कशी जाऊ द्यायची?"
किडनीबरोबर काय गेलं ते सांगितल्याशिवाय तिला पटणार नाही. मुक्ता झोपलीय. सुनंदा आत इस्त्री करतेय.
हाक मारली. "आले," म्हणाली.