कमळाकरच्या पाठीवरचा हात

खोपोली,
सोमवार, दि. ११ नोव्हेंबर १९६८

भीमाबाईंस आनंदीबाईचा नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमचे व चि. सखारामचे क्षेम असेल अशी आशा करते. कडावची भातकापणी उरकत आली असेल. इकडे पहाटे गारठा पडू लागला आहे. कागद जुन्या वहीतला आहे, त्याबद्दल राग मानू नका. कोरी पाने टाकून द्यायची मला सवय नाही. वही कोणती ते पुढे येईलच.

एरवी पत्राच्या माथ्यावर मी 'श्री' काढते. आज हात धजला नाही.

तुमचे कार्ड शनिवारी पोचले. रविवारी तुम्ही सखारामला परीक्षेला घेऊन येणार, हे वाचून यांना फार आनंद झाला. दोन वर्षे हे त्याचा खेळ पाहत आहेत. म्हणतात, "थोरल्यापेक्षा सरस आहे. याला सोडायचा नाही." शेवटी तुम्ही लिहवले आहे, "काकूंनी कमळाकरच्या पाठीवर हात ठेवला तसा याच्या बी ठेवावा, म्हंजी मला घोर नाय." ती ओळ वाचून मी कार्ड देवघरात फळीवर ठेवले, मग तिथून काढून डब्याखाली ठेवले. कुठेच ठेववेना.

हे पत्र सखारामच वाचून दाखवत असेल. बाळ सखाराम, पुढे काहीही आले तरी थांबू नकोस आणि एकही ओळ गाळू नकोस.

आमच्याकडची रीत तुम्हांला सगळी ठाऊक नसेल. कारखान्याचा कबड्डी संघ पोरांची नावे आधी हेरून ठेवतो. मग वर्षभर हे गावोगावच्या सामन्यांना जाऊन त्यांचे पाय, पकड, चढाई पाहतात आणि घरी येऊन सांगतात, मी वहीत उतरवते. यांचे अक्षर यांनाच लागत नाही. गजा नावाच्या एका पोराबद्दल म्हणाले होते, "लिही, ताकद रेड्याची आणि अक्कलही." मी लिहिले, 'बलवान, डावपेच शिकवावे लागतील.' पसंत पडलेला पोर शेवटी आमच्या ओट्यावर येतो, दम दाखवायला. ते काम माझे. कारखान्यात वाफेने भाजल्यापासून यांच्या तळव्यांना स्पर्श कळत नाही. पोराने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायचे, मी उजव्या हाताने जपमाळेचे मणी ओढायचे आणि डावा तळवा त्याच्या पाठीवर, मग बरगडीवर ठेवायचा. पोरे मध्येच श्वास चोरतात, तो कानाला कळत नाही, तळव्याला कळतो.

तळव्याला आणखीही कळते. दहिवलीचा धाऊ आला होता तेव्हा त्याच्या बरगडीखाली मांजर गुरगुरावे तसे काही लागले. मी यांना सांगितले, यांनी डॉक्टरांकडे नेले. लहानपणी सांधे सुजून ताप येतो, त्याने हृदयाची झडप बिघडते, याने खेळू नये, असे डॉक्टर म्हणाले. धाऊ तेव्हा मला शिव्या देत गेला. आज त्याचे शिवणाचे दुकान आहे, दोन मुले आहेत. दिवाळीला फराळ घेऊन येतो.

कमळाकर त्यानंतर आला. पासष्टचा आश्विन. त्याची परीक्षा मी घेतली त्या दिवशी मी सोवळ्यात होते.

नाही. हे वाक्य मी मनाशी इतक्या वेळा म्हटले आहे की आपोआप उमटले. खोडत नाही, असू द्या. सोवळे केव्हाच सुटले होते. मी साध्या लुगड्यात ओट्यावर बसून गवार मोडत होते. त्याच्या आधी गजाची परीक्षा झाली होती आणि त्याच्या पाठीवर मी हात ठेवला होता. मग यांनी पुढचा कागद दिला. मी नाव वाचले, आडनाव वाचले, कडावातली तुमची वस्ती वाचली.

तो पायरीवर येऊन पाठ करून उभा राहिला. मी माळ ओढायला घेतली, पण डावा हात मांडीवरच राहिला. थोडा वेळ वाट पाहून त्याने मान वळवली.

"हात नाय ठेवत, काकू?"

"माळ आहे हातात. विटाळते."

गजा तिथेच शेंगा खात बसला होता. तो फिस्सकन हसला. कमळाकरने त्याच्याकडे पाहिले नाही. "बरं," म्हणाला, आणि आपणहून एक पायरी खाली उतरला. "मी दम चोरत नाय काकू. मोजा तुमी."

एकेचाळीस मणी. तेवढा दम आजवर कोणाचा झाला नाही. आतून यांनी विचारले, "हात ठेवून पाहिलंस ना गं?" मी म्हटले, "पाहिलं." तो ऐकत होता. वहीत माझ्या अक्षरात आहे: 'दम एकेचाळीस. पाठीवर व बरगडीवर हात ठेवून पाहिले. निर्दोष.'

पुढचे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. माघातला तो सामना, भर दुपार. दोघांना शिवून तो मागे फिरला, कोणी धरलेले नव्हते, आणि त्याचा आवाज थांबला. पडला तेव्हा हात रेषेला लागला होता. पंचांनी दोन गुण दिले. लोक टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले ते मी पूर्वी एकदा ऐकलेले होते, धाऊच्या वेळी.

मी दुखवट्याला तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही माझे दोन्ही हात डोळ्यांना लावलेत. म्हणालात, "कमळाकर सांगायचा, काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आईसारखा." भीमाबाई, मी तेव्हाच बोलायला हवे होते. ओट्यावर त्याला वाईट वाटेल असे काही घडले, हे तुम्हांला कळू नये म्हणून त्याने घरी येऊन तसे सांगितले असेल. मी ते घेतले आणि तुमच्या घरचा चहा न पिता परत आले.

तेव्हापासून हा डावा तळवा माझा राहिलेला नाही. जाते थांबले तरी त्याच्याखाली गुरगुरते. भिंतीला टेकला तरी गुरगुरते. हे म्हणतात, "पॉवर हाउसच्या नळांतून पाणी उतरतं, त्याचा आवाज." पण मी माहेरी गेले तिथेही होते, तिथे कुठले आले नळ? जप करताना एकेचाळिसाव्या मण्याला बोट थांबते. पुढचे मणी ओढते, पण त्यांच्यावर देवाचे नाव येत नाही. पायरीवर कोणी उतरल्याची चाहूल लागते.

काल यांना सांगितले. हे जेवत होते, जेवण पुरे केले. मग म्हणाले, "वहीत लिहिलंय ना ठेवला म्हणून? मग ठेवला. आता त्या बाईला सांगून पोराचं नुकसान करू नकोस." नुकसान कशाने होईल, ते मला कळते. तुम्हीच म्हणाला होतात, दोघा भावांचे गुडघे एकाच पावसाळ्यात सुजले होते. म्हणून ते पान फाडून सोबत पाठवत आहे, आणि त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे.

सखारामला रविवारी इथे आणण्याआधी डॉक्टरांकडे न्या. कारखान्याच्या नको, कर्जतला सरकारी दवाखान्यात न्या. मांजराचे लक्षण त्यांना सांगा. ते नको म्हणाले तर सखाराम मला शिव्या देईल. त्याला देऊ द्या.

ते बरा म्हणाले तर आणायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. आणलेत तर मी ओट्यावर बसणार नाही, पायरीखाली येऊन उभी राहीन. त्याने हात ठेवू दिला तर ठेवीन. नको म्हणाला तर त्याचेच बरोबर आहे.

तुमच्या कमळाकरला जिने हात लावला नाही,
ती आनंदी