सात वेळा पाणी

आबा, हे लिहायचं चार महिने टाळतोय. आधी बाइक घेऊन कोकणात गेलो, मग हंपीला, मधे नोकरी सुटली, ते असो. खरं म्हणजे तुमचा तो सिनेमा सापडला. कुणीतरी इंटरनेटवर टाकलाय, भिजलेल्या पोत्यासारखी प्रिंट. ऐंशीच्या दशकात आपल्या हिंजवडीत शूटिंग झालेला, आठवडाभरही न चाललेला. शहरातल्या जोडप्याची गाडी खेडेगावात बंद पडते आणि सगळं गाव त्यांच्या जिवावर उठतं. तुम्ही त्यात त्यांच्या तोंडावर दार लावणारा माणूस.

तुम्ही सांगायचात, "दारात पावणं दिसलं की तोंडातनं 'या, बसा, पाणी घ्या' हेच निघायचं. सात वेळा तेच. शेवटी साहेब म्हणला, काय बोलायचं ते बोल बाबा, दार तेवढं लाव, आवाज आम्ही मागनं घालतो." तुमचे थोरले भाऊ, माझे चुलते, म्हणायचे, "ह्याला कवाच कापलाय त्यातनं, आन ह्यो अजून पाणी वाटतोय." मीही हसायचो. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो, म्हणजे दुसऱ्यांदा. मागे एक फोटो उरला, आवाज नाहीच. सिनेमातही नसलात तर, म्हणून बघायचं धाडस होत नव्हतं.

काल मंडईतून पेरू आणले (पूर्वीसारखे नाहीत) आणि बसलो. मध्यंतराच्या जरा आधी तुम्ही येता. माझ्यापेक्षा लहान. आवाज भलत्याचाच, घोगरा, "पुढं व्हा, इथं जागा नाय." पण ओठ? मागे नेऊन नेऊन बघितलं. ओठ पाणी विचारतायत आणि हात दार लावतायत.

मग ती दुपार आठवली. रस्ता चुकलेल्या सेल्समनला मी खिडकीतूनच हाकललं होतं, तर तुम्ही तांब्या घेऊन उन्हात अनवाणी त्याच्यामागे धावलात. परत येऊन एवढंच म्हणालात, "दार लाकडाचं हाय. तू बी का?"

आता आपल्याच शेतावरच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. भटकताना अनोळखी लोकांच्या घरी जेवतो, झोपतो. इथं मात्र बेल वाजली की माणूस जाईपर्यंत श्वास रोखून बसतो. हे सांगायचं होतं. वहीतच राहील.

आत्ताही वाजली. बाहेर एक म्हातारे गृहस्थ, हातात पिशवी. "पोराकडं आलो जी अमरावतीहून. मोबाइल बंद पडला, कोणती बिल्डिंग तेच समजून नाही राहिलं." दार उघडलंय. चपला कुठे काढू, विचारतायत. थांबा, तांब्या शोधतो.