कादंबरी बघायला गेलो

कोल्हापूर, श्रावण, १९९८

तीर्थस्वरूप आकाराममामांस कृष्णातचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि मामींचे गुडघे आपापल्या जागी शांत असावेत. (गगनबावड्यात या दिवसांत याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा.) माझं ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधे लोकांना हसवणं चालू आहे.

तुमची ती हेडमास्तरांची विनोदी कादंबरी, जिच्यामुळं मी कॉलेज सोडून नकलाकार झालो, तिच्यावर माझा अजून तसाच जीव आहे. हेडमास्तर नवरदेवाच्या घोड्यासकट विहिरीत पडतात, तिथं आपली प्रत संपते. (पुढच्या पानांत मामींनी मला भडंग बांधून दिलं होतं. तक्रार नाही, भडंग चांगलं होतं.) ते विहिरीतून वर आले की नाही या काळजीत जन्म जाणार असं वाटत असताना कळलं, पेठ वडगावात हंबीरराव म्हणून आहेत, त्यांच्याकडं अख्खी प्रत आहे. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

दारातच हंबीररावांनी विचारलं, "काय काम काढलंसा, पावणं?" मी म्हणालो, "तुमच्याकडची बघायला आलोय." त्यांनी लगबगीनं सतरंजी अंथरली, आत पोहे सांगितले. वाचनाची केवढी कदर आहे या घरात, असं मला वाटलं. (कादंबरी स्त्रीलिंगी आणि घरात लग्नाची मुलगी, हे ध्यानात यायला हवं होतं.) "वयानं जरा मोठी हाय," ते चाचरत म्हणाले. मी म्हणालो, "जुनी आसली तरी चालंल की. घरात एक हाय, पण ती फाटलीया. ही आठवडाभर न्हेतो, जशीच्या तशी परत आणून देतो."

हंबीरराव उठून पायताण शोधू लागले. तेवढ्यात त्यांची मुलगी क्रांती पोहे घेऊन आली आणि हसू आवरत म्हणाली, "आबा, पुस्तक मागत्यात ते." जत्रेत माझा कार्यक्रम बघून, मी कुठल्या पुस्तकातून उचलतो ते तिनं ओळखलं होतं. मामा, इतकी वर्षं लोकांना हसवतोय, पण कुणी हसल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कृष्णात

ता. क. कादंबरी घराबाहेर द्यायची नाही, असं हंबीररावांचं ठाम मत झालंय. इथंच बसून वाचा म्हणाले. दर रविवारी जातो. उरलेला भाग तासाभराचा आहे, म्हणून मी एका वेळी एकच पान वाचतो.

आणखी एक ता. क. आता शेवटचं पान राहिलंय. ते संपलं की त्या घरी जायला मला कारण उरत नाही, आणि तिथं न जाता राहणं मला जमणार नाही. तेव्हा येत्या रविवारी तुम्ही सोबत या आणि क्रांतीला माझ्यासाठी मागणी घाला. बोलणं तुम्हीच करा. मी "बघायला आलोय" म्हणालो की ते आता कादंबरीच आणून देतात.