विनूचा मोर

बोथ, माघ महिना, १९७८

चि. विनू,

‘चि.’ लिहिलं अन् हात थांबला. आता तुले तसं लिहू नये, पण खोडवलं नाही. उजवा हात सुजला हाये, म्हणून अक्षर वाकडं येऊन राह्यलं.

फुटक्या बश्यांचे तुकडे लावून तू स्वैपाकघराच्या भिंतीवर मोर केला होता, तो हाये. दिवाळीले चुना मारणारा आला, तवा तुहे बाबा मोरापाशी हात आडवा धरून उभे राह्यले. हेच बाबा म्हणत, "घर हाये का भंगाराचं दुकान?"

तोच मोर तू जत्रेत मनगटावर गोंदवून घेतला. गोंदणारी म्हणे, "बाई, असा लोकायले उलटा दिसन." तू म्हटलं, "दिसू दे. हात माहा हाये, मले सुलटा दिसला पायजे." मी केवढी चिडली! पोरीच्या जातीनं तुळस गोंदावी, हे असलं काऊन?

मंग दवाखान्यात तुह्या समोर बसून तोच हात धरला. ताप उतरलाच नाही. तुहे डोळे मिटले, तरी मी त्या उलट्या मोराकडंच पाहून राह्यली होती.

काल जत्रेत गेली. तीच गोंदणारी भेटली. तुहा मोर तिच्या ध्यानात होता. म्हणे, "तुमाले सुलटा दिसन असा काढू, पोरीसारखा?"

मी म्हटलं, "नाही. मले उलटाच दिसू दे. समोर बसणारीले सुलटा दिसला पायजे."

तुही,
माय