डिव्हाइड नव्हे, शेअर : प्लम रिजच्या जमिनीविषयी

मी, इझिकेल ऑगस्टस स्वेबी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार प्लम रिज, सेंट एलिझाबेथ परगणा, जमैका. धंदा दगडी गवंडीकाम. चर्चचा बत्तीस वर्षे डीकन. शिक्षण इयत्ता चौथी, परंतु चौथीत पहिला. हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की माझे डोके ताळ्यावर आहे. तसे ते नाही असे माझा मुलगा लिनव्हल गावभर सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

१. माझे दोन्ही हातोडे, छिन्न्या व ओळंबा शेजारी कार्लटन फेसी यास द्यावेत. अठ्ठ्याऐंशीच्या वादळानंतर त्याने नेलेली करवतही त्याच्याकडेच राहू द्यावी, कारण ती तशीही राहणारच आहे.

२. घर मुलगी व्हेरोना हिला. तिच्याजवळच्या किल्ल्या कपाटाच्या नाहीत. खऱ्या किल्ल्या पास्टरांकडे आहेत.

३. जमीन. वकिलाच्या कारकुनाने आणलेल्या मसुद्यात ती मुलांमध्ये “डिव्हाइड करावी” असे होते. मी “शेअर करावी” असे सांगितले होते. कारकून म्हणाला, “काका, दोन्ही एकच हो!” एकच होते, तर बदलण्याचे कारण काय? त्याच आठवड्यात टोरंटोहून आलेला लिनव्हल त्या कारकुनाच्या कचेरीत बसलेला लोकांनी पाहिला, आणि माझ्या जमिनीत मोजणीच्या पांढऱ्या खुंट्या उगवल्या. एक माझ्या आईच्या थडग्याच्या पायथ्याशी होती. मी त्या उपटून चुलीत घातल्या.

सबब खुलासा करतो. डिव्हाइड करायला मोजणीची दोरी लागते. तुकडा पडतो, तुकड्याला मालक मिळतो आणि मालकाला गिऱ्हाईक. शेअर करायचे ते अखंड राहते. आमच्या शाळेत बाई दोघांना मिळून एक पाटी शेअर करायला देत. डिव्हाइड करायला दिली असती, तर दोघांच्याही हाती ठिकऱ्याच आल्या असत्या.

ही जमीन माझ्या खापरपणजीने गुलामी सुटल्यावर मिळवली, ती साऱ्या वंशासाठी : लग्नाची मुले, बाहेरची मुले, परदेशी गेलेली मुले. कोणी विकायची नाही. प्रत्येकाची नाळ इथल्या एकेका झाडाखाली पुरली आहे. लिनव्हलची रस्त्याकडच्या नीरफणसाखाली आहे, आणि जमीन विकत मागणाऱ्या हॉटेलवाल्याला नेमका तोच कोपरा हवा आहे.

लिनव्हलने मला तोंडावर विचारले, “पप्पा, मग माझी नेमकी किती?”

“सगळी.”

“आणि व्हेरोनाची?”

“सगळी.”

“हा कुठला हिशेब?”

“हिशेब नाहीच. म्हणून तर तुझ्या डोक्यात शिरत नाही.”

तरी ही जमीन माझ्या सर्व वंशजांनी शेअर करावी. हा शब्द मी स्वहस्ते लिहिला असून शेजारी सही व अंगठा, दोन्ही केले आहेत. पुढेमागे कागदात “डिव्हाइड” आढळल्यास तो शब्द माझा नव्हे.

प्लम रिज, दिनांक १४ मार्च २०२३.
(सही) इझिकेल ऑगस्टस स्वेबी

साक्षीदार : पास्टर हेडली पिनॉक, निवृत्त मुख्याध्यापिका मिस आयव्हरीन रेनल्स. दोघांनी कागद मोठ्याने वाचून माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

लिनव्हल स्वेबी हाही आला होता. परंतु या मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून त्यास अंगणात उभे केले.